वधस्तंभ, क्रूस, खुरीस

आमच्या चर्चमधला मिरवणुकीचा क्रूस वाळवीनं आतून पोखरला, आणि नवा करून घ्यायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी रविवारी पोरांचा धर्मशिक्षणाचा वर्ग घेतो, एवढाच माझा अधिकार. खानापूरच्या वाटेवर एक मेस्त्री आहे, त्याच्याकडं गेलो. फणसाचं लाकूड, उभं सात फूट, आडवं चार. मेस्त्रीनं दोन्ही लाकडांवर पेन्सिलीनं खुणा केल्या, दोन्हींत निम्म्या जाडीची खाच पाडली आणि एकीत दुसरी अशी बसवली की खिळ्याची गरजच उरली नाही. मग सांध्यावर हात थोपटत म्हणाला,

"मास्तर, एक विचारू काय? राग मानू नका."

"विचारा की."

"ह्यो म्हंजे मानूस मारायचा खांबच न्हवं? मग पुजतासा कसं?"

मी तोंड उघडायच्या आत त्यानंच पुढं नेलं. "न्हाई, आमच्या नंदगडात रायण्णाचं वडाचं झाड हाय. लोक जात्यात, नमस्कार करत्यात, पाळणं बांधत्यात. पर फासाचा दोर कोन गळ्यात घालून फिरतंय?"

इंग्रजांविरुद्ध लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाला इंग्रजांनी २६ जानेवारी १८३१ रोजी नंदगडला फाशी दिलं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मारला गेलेला माणूस पूज्य होतो, त्याची जागाही पूज्य होते, यात आपल्याला नवल नाही. आपल्या गावांच्या वेशीवरचे वीरगळ तेच सांगतात. पण मेस्त्रीनं बोट बरोबर जागी ठेवलं होतं. ख्रिस्ती माणूस दोरच गळ्यात घालतो. सोन्यात घडवून घालतो, बारशाला देतो, कबरीवर रोवतो. हे विचित्र आहे, आणि ज्याला विचित्र वाटत नाही त्याला ते अजून कळलेलं नाही, असं माझं मत झालंय.

त्या दिवशी मी काहीतरी थातूरमातूर उत्तर दिलं. नीट उत्तर इथं लिहितो.

आमच्या भागात या एका वस्तूला तीन शब्द आहेत, आणि समजून घ्यायला ते तिन्ही कामाला येतात. मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेला, जाणारे आम्ही कॅथलिक 'क्रूस' म्हणतो. माझ्या बायकोचं माहेर बेळगावातलं, मेथडिस्ट. तिकडं बायबल वाचताना आणि उपदेशात 'वधस्तंभ' येतो. प्रॉटेस्टंट मिशनचं काम बेळगावात १८२० पासूनचं, त्यामुळे त्यांची मराठी बायबलच्या मराठीनं घडलेली. आणि गोव्याकडून येऊन लोंढा, खानापूर, कॅम्प भागात राहिलेले शेजारी 'खुरीस' म्हणतात, म्हणजे पोर्तुगीज 'क्रुझ' कोकणी जिभेवर घोळून घोळून झालेला शब्द.

आधी वधस्तंभ. हा शब्द मला सगळ्यांत प्रामाणिक वाटतो. त्यात आकार नाही, नक्षी नाही. वध करायचा खांब, बस. मूळ ग्रीक शब्द 'स्तावरोस', त्याचाही जुना अर्थ रोवलेला खांब असाच. रोमन राजवटीत ही शिक्षा गुलामांना, बंडखोरांना, दरोडेखोरांना. रोमच्या नागरिकाला सहसा नाही. इसवी सनापूर्वी ७१ मध्ये स्पार्टाकसच्या गुलामांचं बंड मोडल्यावर कापुआ ते रोम या रस्त्याच्या कडेनं सहा हजार माणसं अशी टांगली होती. रस्त्याच्या कडेनं, हे महत्त्वाचं. ही शिक्षा येणाऱ्या-जाणाऱ्यांना दाखवण्यासाठीच होती. आधी चाबकानं सोलायचं, मग आडवं लाकूड त्याच्याच खांद्यावर देऊन गावाबाहेर न्यायचं, कपडे उतरवायचे, आणि मरायला तास किंवा दिवस लागू द्यायचे. १९६८ साली जेरुसलेमजवळ एका थडग्यात टाचेचं हाड सापडलं. त्यात लोखंडी खिळा तसाच होता. टोक वाकल्यामुळे काढता आला नसावा. एवढ्या हजारो माणसांतून हाती लागलेला असा पुरावा फारच थोडा, कारण टांगलेल्यांना बहुधा पुरतच नसत.

येशूला अशी शिक्षा झाली ती इसवी सन ३० च्या आसपास, पंतय पिलात हा यहूदियाचा रोमन सुभेदार असताना. पिलाताचा कारभार २६ ते ३६. ख्रिस्ती लोक आपल्या श्रद्धेच्या प्रकटीकरणात दर रविवारी या सुभेदाराचं नाव घेतात. एका सरकारी अंमलदाराचं नाव पार प्रार्थनेत जाऊन बसलं, याची मला नेहमी गंमत वाटते. पण त्यामागं कारण आहे. ही गोष्ट 'कोणे एके काळी' घडली नाही, अमक्या माणसाच्या अंमलात, अमक्या गावाबाहेर घडली, हे ठासून सांगायचंय.

यहुदी धर्मशास्त्रात तर झाडाला टांगलेला माणूस देवाचा शापित मानलेला. म्हणजे रोमच्या दृष्टीनं गुलामाचं मरण आणि यहुद्यांच्या दृष्टीनं शापाचं. अशा माणसाला 'प्रभू' म्हणणं म्हणजे काय, हे सुरुवातीच्या काळातल्या पौल या ख्रिस्ती प्रचारकाला चांगलं ठाऊक होतं. येशूनंतर वीस-पंचवीस वर्षांनी करिंथच्या मंडळीला लिहिताना तो म्हणतो की हा संदेश यहुद्यांना अडखळण आणि ग्रीकांना मूर्खपणा वाटतो. मेस्त्रीचा प्रश्न तेवढा जुना आहे. रोमच्या पालातिन टेकडीवर भिंतीत खरवडलेलं एक चित्र सापडलंय, साधारण इसवी सन २०० च्या सुमाराचं. गाढवाच्या तोंडाचा माणूस वधस्तंभावर, खाली हात उंचावलेला एक पोरगा, आणि मोडक्या ग्रीकमध्ये लिहिलंय की अलेक्सामेनोस आपल्या देवाची पूजा करतोय. क्रूसावरच्या येशूच्या सगळ्यांत जुन्या चित्रांपैकी हे एक, आणि ते टिंगल म्हणून काढलेलं.

ख्रिस्ती लोक स्वतः त्या काळी मासा काढत, जहाजाचा नांगर काढत, कोकरू खांद्यावर घेतलेला मेंढपाळ काढत. सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळात, चौथ्या शतकात, ही शिक्षा बंद पडत गेली, आणि त्यानंतरच क्रूस उघडपणे भिंतींवर चढला. रोमच्या सांता साबिना चर्चच्या लाकडी दारावर साधारण ४३० चं कोरीव काम आहे. उघड्या चर्चमध्ये दिसणाऱ्या जुन्यातल्या जुन्या क्रूसदृश्यांपैकी ते एक. ज्यांनी ती शिक्षा डोळ्यांनी पाहिली, वास घेतला, त्यांना तिचं चित्र काढवलं नसावं. आपल्याला ती दिसली नाही म्हणून आपण लॉकेट करू शकतो.

आता क्रूस. या शब्दात घटनेपेक्षा अर्थ जास्त आहे. त्या मरणानं नेमकं झालं काय?

ख्रिस्ती श्रद्धा म्हणते, 'तो आमच्यासाठी मेला.' इथवर सगळ्या पंथांचं एकमत. पण 'आमच्यासाठी' म्हणजे कसं, यावर दोन हजार वर्षं विचार चाललाय, आणि प्रत्येक काळानं आपापल्या बाजाराची नाहीतर कचेरीची भाषा वापरली. सगळ्यांत जुनी भाषा सोडवणुकीची. गुलाम बाजारातून पैसे देऊन सोडवतात, आपल्याकडं गहाण पडलेली जमीन सोडवतात, तसं. मराठी बायबलात इथं 'खंडणी' शब्द येतो आणि वर्गातली पोरं फिदीफिदी हसतात, कारण त्यांच्या लेखी खंडणी म्हणजे फोनवरची धमकी. जुना अर्थ सुटकेसाठी भरलेलं मोल. पण मग मोल दिलं कुणाला? सैतानाला, असं काही जुन्या आचार्यांनी म्हटलं. नीसाचा ग्रेगरी तर म्हणतो, सैतानानं माणूस समजून आमिष गिळलं आणि आतल्या देवपणाच्या गळाला अडकला. त्याचाच मित्र, नाझियांझसचा ग्रेगरी, यावर चिडतो: देवानं दरोडेखोराला पैसे मोजायचे? दोघेही चौथ्या शतकातले. इतक्या आधीपासून या विषयावर मतभेद आहेत, हे मला पोरांना सांगायला आवडतं.

१०९८ मध्ये अन्सेल्म नावाच्या धर्मपंडितानं वेगळी मांडणी केली. त्याचा काळ सरदार-जमीनदारांचा. पापानं देवाच्या मानाला धक्का लागला. भरपाई माणसानं करायची, पण ऐपत फक्त देवाची. म्हणून देव माणूस झाला. आपल्याकडच्या वतनदारीच्या गोष्टी ऐकलेल्यांना हा हिशेब लगेच कळेल. एका पिढीनंतर पॅरिसमध्ये आबेलार या दुसऱ्या पंडितानं जोर दुसरीकडं दिला. क्रूस पाहून माणसाचं मन पाझरतं, प्रेम करायला लागतं, खरा बदल तिथं होतो. सोळाव्या शतकात कायदा शिकलेल्या कॅल्व्हिन या प्रॉटेस्टंट सुधारकानं कोर्टाची भाषा आणली: शिक्षा आपली होती, ती त्यानं भोगली. ही भाषा आपल्याकडं पटकन उतरते. सीमाप्रश्न २००४ पासून सुप्रीम कोर्टात पडून असलेल्या मुलखात खटला, तारीख, निकाल हे शब्द कुणाला समजावून सांगावे लागत नाहीत.

यातली कुठलीही एकच मांडणी खरी आणि बाकीच्या खोट्या, असं प्राचीन धर्मपरिषदांपैकी एकीनंही ठरवलेलं नाही. येशू देव की माणूस यावर परिषदा भरल्या, शब्दाशब्दावर भांडणं झाली, पण क्रूसाचं गणित नक्की कसं सुटतं हे मोकळं ठेवलं गेलं. मला ते शहाणपणाचं वाटतं.

मात्र एक मांडणी मी वर्गात येऊ देत नाही. रागावलेल्या देवाला रक्त हवं होतं, म्हणून त्यानं बिचाऱ्या मुलाला पुढं केलं, ही. उपदेशांतून ती पुष्कळदा ऐकू येते. ऐकणारा मनात म्हणतो, असला कसला बाप. पण ख्रिस्ती विश्वासात क्रूसावरचा हा तिसराच कुणी नव्हे. तिथं देव स्वतः आहे. योहानाच्या शुभवर्तमानात येशू सांगतो की माझा जीव कुणी हिसकावून घेत नाही, मी होऊन देतो. शिक्षा देणारा आणि सोसणारा असे दोन पक्ष केले की सगळंच बिघडतं.

वारकरी वळणाच्या माणसाला हे सांगताना मला सोपं जातं. जनीसोबत दळायला बसणारा विठोबा त्याच्या ओळखीचा असतो. कवी नारायण वामन टिळक, १८६१ ते १९१९, तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत पोचलो असं सांगत. पूल आहे खरा. पण पुलाच्या पलीकडचं गाव वेगळं आहे, तेही सांगायला हवं. विठोबा जनीचं काम वाटून घेतो. इथं देव माणसाचं मरण वाटून घेतो, तेही सर्वांत लाजिरवाणं, आणि मरताना 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?' असं ओरडतो. बायबलातल्या बावीसाव्या स्तोत्राची ती पहिली ओळ. देवच देवाला हाक मारतोय आणि उत्तर येत नाही. यावर मला आजही नीट बोलता येत नाही. वर्गात इथं मी थोडा वेळ गप्प बसतो.

क्रूस दुखणाईताला का जवळचा वाटतो याचं एक उदाहरण फ्रान्समधल्या कोलमारला आहे. ग्रुनेवाल्ड या चित्रकारानं १५१२ ते १५१६ मध्ये इझेनहाइमच्या मठासाठी वेदीचं चित्र केलं. त्या मठात 'संत अँथनीची आग' झालेले रोगी ठेवत. राय नावाच्या धान्यावरच्या बुरशीनं होणारा तो रोग. हातपाय काळे पडून झडायचे. ग्रुनेवाल्डनं क्रूसावरच्या येशूचं अंग फोडांनी भरलेलं, हिरवट, बोटं पिळवटलेली असं रंगवलं. रोग्याला वेदीवर आपलंच अंग दिसत होतं. बरं झाल्याची हमी त्यात नव्हती. आपल्या खाटेवर आणखी कुणीतरी आहे, एवढं होतं.

खुरीस मात्र या सगळ्या पंडितीपासून लांब, वाटेवर उभा असतो. चुना लावलेला, खाली चौथरा, कधी झेंडूची माळ, पुढं वितळलेल्या मेणाचा थर. गोव्यात मे महिन्यात वाड्यावाड्यावरच्या खुरसापुढं लादीन होते, म्हणजे गाऊन म्हटलेली आळवणी, आणि नंतर उकडलेले चणे वाटतात. क्रूस सापडल्याचा ३ मेचा सण रोमच्या पंचांगातून १९६० साली वगळला गेला. मे महिन्यातल्या चण्यांना त्याची खबर लागलेली दिसत नाही. अधिकृत सण १४ सप्टेंबरचा. जेरुसलेममध्ये येशूच्या कबरीच्या जागी बांधलेल्या चर्चचं ३३५ साली त्याच सुमारास समर्पण झालं होतं. घाटात गाडी घालण्याआधी खुरसाकडं बघून स्टिअरिंगला आणि मग छातीला हात लावणारे ड्रायव्हर मी पाहिलेत, आणि त्यातले सगळे काही ख्रिस्ती नव्हते. त्यांना अन्सेल्म सांगायला मी जाणार नाही.

पूजा म्हणाल तर, लाकडाची पूजा नाही. ७८७ च्या दुसऱ्या नायसिया परिषदेनं हा मुद्दा मांडून ठेवलाय: मान प्रतिमेला दिला तरी तो पोचतो ज्याची प्रतिमा आहे त्याला. वडिलांच्या फोटोला हार घालणाऱ्याला फोटोच वडील वाटत नाही, तसं. गुड फ्रायडेला आमच्याकडं मिस्सा नसते. घंटा वाजत नाही, लाकडी फळ्यांची खटखट करतात. झाकलेला क्रूस तीन टप्प्यांत उघडतात आणि मग रांगेनं जाऊन त्याच्या पायांचं चुंबन घ्यायचं. म्हाताऱ्या बाया पदरानं ते पाय पुसतात, मग ओठ टेकवतात. सासुरवाडीच्या चर्चमध्ये यातलं काही नाही. तिथं दुपारी बारा ते तीन उपासना, क्रूसावरच्या सात उद्गारांवर सात माणसं बोलतात. क्रूसही रिकामा, येशूची मूर्ती नसलेला, कारण तो उठला, आता तिथं नाही. आमच्या क्रूसावर मूर्ती, कारण सोसणं विसरायचं नाही. बायको म्हणते, तुम्ही शुक्रवारीच अडकलात. मी म्हणतो, तुम्ही थेट रविवारी उडी मारता. वाद दर वर्षी होतो आणि पुनरुत्थानाच्या दिवशी दोन्ही घरची माणसं एकाच पातेल्यातलं मटण खातात. रविवार नसता तर शुक्रवारची गोष्ट आणखी एका चांगल्या माणसाच्या खुनाची गोष्ट झाली असती, हे दोघांनाही मान्य आहे.

'आपला क्रूस उचलून माझ्यामागं या' हे येशूचं वाक्य. याच्याइतका गैरवापर दुसऱ्या कुठल्या वाक्याचा झाला नसेल. नवरा मारतो, तर 'हा तुझा क्रूस, सोस' असं एका बाईला सांगितलेलं मी माझ्या कानांनी ऐकलंय. सांगणारा मोठा भाविक होता. हे साफ चूक आहे. येशूवर क्रूस आला तो त्यानं काय केलं, काय बोलला, कुणाच्या पंगतीला बसला यामुळं. दुसऱ्यासाठी आपण होऊन पत्करलेली झीज म्हणजे क्रूस. दुसऱ्यानं आपल्यावर लादलेला जुलूम म्हणजे क्रूस नव्हे, आणि तो थांबवता येत असेल तर थांबवायचा. क्रूसाच्या वाटेचे चौदा टप्पे आपण म्हणतो, १७३१ मध्ये ही संख्या पक्की झाली, त्यात पाचवा शिमोनाचा. तो कुरेनेचा परगावचा माणूस, शेतावरून येत होता, शिपायांनी धरून त्याच्या खांद्यावर लाकूड दिलं. वर्गातल्या पोरांना चौदांतला हाच सगळ्यांत आवडतो. बहुतेक त्यांनाही घरी असंच कामाला धरतात म्हणून.

लाकूड न्यायला परत गेलो तेव्हा मेस्त्रीनं आडव्या लाकडाच्या एका बाजूची कड रंधा मारून गोल केली होती. मी सांगितलं नव्हतं. "पोरं खांद्यावर घेनार न्हवं? रुतंल," म्हणाला. मी त्याला यातलं थोडंफार सांगितलं, दोराचं आणि अंमलदाराचं. त्यानं ऐकून घेतलं, 'आसं हाय व्हय' म्हणाला, आणि पाटीचं विचारलं. वर पाटी असते ना, ती कुठं ठोकायची?

पाटीचं आमचं आधीच बिनसलं होतं. योहान सांगतो, पिलातानं क्रूसावर पाटी लावली, 'नासरेथकर येशू, यहुद्यांचा राजा', आणि ती इब्री, लॅटिन आणि ग्रीक अशा तीन भाषांत होती. याजक तक्रार घेऊन गेले की असं लिहू नका, 'मी यहुद्यांचा राजा आहे असं हा म्हणाला' असं लिहा. पिलात म्हणाला, मी लिहिलं ते लिहिलं. हे वाचून दाखवल्यावर पोरं म्हणाली, मग आपणही तीन भाषांत लिहू. मराठी, कन्नड, कोकणी. झालं. कुठली वर? कोकणी कुठल्या लिपीत? एका पालकानं अक्षरांचा आकार सारखा हवा म्हणून सांगितलं, दुसऱ्यानं नियमाप्रमाणं कुठली मोठी असायला हवी ते सांगितलं. बेळगाव जिल्ह्यात पाटी म्हटल्यावर याहून वेगळं काय होणार. शेवटी फादरांनी नेहमीची चार रोमन अक्षरं लिहायला सांगितली, लॅटिन वाक्यातल्या चार शब्दांची आद्याक्षरं, 'आय एन आर आय'. लॅटिन इथं कुणाचीच मातृभाषा नाही.

पेंटरनं 'एन' उलटा काढला. शुक्रवारी सकाळी लक्षात आलं, तोवर रंग वाळला होता. लिहिलं ते लिहिलं.